चाळीस वाव खोल

नॉर्थ शील्ड्स हे टाइन नदी उत्तर समुद्राला मिळते त्या मुखावरचे जुने मासेमारी बंदर आहे. २०१७ सालच्या ऑक्टोबरात मी तिथल्या एका वृद्धनिवासात परिचारिका म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात मला रात्रपाळी लागली. साडेबारानंतर सगळ्या खोल्यांतले दिवे मालवलेले असत. फक्त लांबलचक बोळाच्या टोकाला असलेल्या एका खोलीत छोटा रेडिओ हळू आवाजात चालू असे. त्या खोलीतल्या आजोबांनी उमेदीची सगळी वर्षे मासेमारीच्या ट्रॉलरवर काढली होती. बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सुमारास एक संथ सुरावट संपे आणि एक स्त्री अगदी सावकाश, एका लयीत काहीतरी वाचू लागे. औषधांची ट्रॉली ढकलत मी दाराशी थबकले, तेव्हा कानांवर पडलेले शब्द साधारण असे होते: ‘टाइन, डॉगर. साउथवेस्ट फाइव्ह टू सेव्हन, ऑकेजनली गेल एट लेटर. रेन ऑर शॉवर्स. गुड, ऑकेजनली पुअर.’

त्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द मला ठाऊक होता, आणि तरीही त्यातले काहीच मला कळले नाही. लहानपणी आजी तिन्हीसांजेला नामावळ म्हणत असे, तिचा अर्थ न कळताही आम्ही मुले तिच्यापाशी स्वस्थ बसत असू. तसेच काहीसे त्या दाराशी वाटले. आजोबांनी डोळे न उघडता हाताने खुर्ची दाखवली आणि म्हणाले, ‘सिट डाउन, पेट.’ टाइनच्या काठी कोणीही कोणालाही ‘पेट’ म्हणते, त्यात माया असते, हे कळायला मला आणखी पंधरा दिवस लागले. त्या रात्री मात्र मला तो शब्द लागला. पाळीव जनावराला लावायचा शब्द हा माणूस मला का लावतो आहे, एवढाच विचार मनात आला.

मी मूळची दापोली तालुक्यातल्या हर्णैची. घरी मासेमारी. बाबा तांडेल, म्हणजे नौकेचे कप्तान, आजोबाही तांडेल. शिक्षण मराठी शाळेत झाले आणि परिचर्येचा अभ्यासक्रम इंग्रजीत, म्हणजे पाठांतराने. इंग्लंडमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हायची तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या चारही भागांत किमान ७ गुण लागत. माझे लेखन पहिल्या खेपेला साडेसहावर अडकले. मग मुंबईतल्या एका शिकवणीला नाव घातले. तिथे आम्हाला आरशासमोर उभे करून ओठांचा चंबू कसा करायचा, जीभ कुठे टेकवायची हे शिकवत. माझ्या तोंडून कोकणी वळणाचा एखादा उच्चार निघाला की शिकवणारे गृहस्थ सगळ्या वर्गाला तो पुन्हा ऐकवत आणि वर्ग हसे. दुसऱ्या खेपेला मी उत्तीर्ण झाले, पण त्या वर्गातून एक गोष्ट मनात घट्ट बसून आली. इंग्रजी म्हणजे उच्चार, आणि माझा उच्चार म्हणजे माझा कमीपणा. इंग्लंडला आल्यावरही कोणी ‘सॉरी?’ म्हणून पुन्हा विचारले, की माझा आवाज आपोआप बसे.

ती समजूत त्या बोळाच्या टोकाच्या खोलीत हळूहळू सुटत गेली.

रेडिओवरचे ते वाचन म्हणजे शिपिंग फोरकास्ट, ब्रिटनभोवतीच्या समुद्राचा हवामान अंदाज. ब्रिटिश बेटांभोवतीचा समुद्र ३१ क्षेत्रांत वाटलेला आहे. नॉर्वेजवळच्या व्हायकिंगपासून सुरुवात होते आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फेरी घालत अंदाज आग्नेय आइसलँडपर्यंत पोहोचतो. आधी वादळांचे इशारे, मग हवेच्या दाबाची एकूण स्थिती, मग एकेक क्षेत्र, आणि मध्यरात्रीच्या वाचनात किनाऱ्यावरच्या ठाण्यांच्या नोंदी. हे सगळे सुमारे साडेतीनशे-पावणेचारशे शब्दांत बसवायचे असते, म्हणून जो शब्द गाळता येतो तो गाळलेला असतो. ‘वारा’ हा शब्द त्यात नसतो आणि ‘दृश्यमानता’ हाही नसतो. क्रम ठरलेला असतो. प्रथम वाऱ्याची दिशा आणि जोर, नंतर पाऊसपाणी, शेवटी नजर किती लांब पोहोचेल ते. त्यामुळे शेवटचा ‘गुड’ ऐकून मी जे ‘सगळे ठीक आहे’ असे समजत होते, ते चूक होते. ‘गुड’ म्हणजे पाच सागरी मैलांपलीकडचे दिसेल, एवढेच. वारा नऊ जोराचा असला आणि लाटा घराहून उंच उसळत असल्या, तरी हवा स्वच्छ असेल तर शेवटी ‘गुड’च ऐकू येणार.

आजोबांनी हे मला एका रात्रीत सांगितले नाही. पाळीच्या कामातून पाच-सात मिनिटे मिळत, तेवढ्यात ते एखादाच शब्द घेत. ‘लेटर’ हा शब्द त्यांनी असाच घेतला. मला वाटत होते की लेटर म्हणजे नंतर, केव्हातरी. आजोबांनी मान हलवली. वादळाच्या इशाऱ्यात ‘इमिनंट’ म्हणजे इशारा दिल्यापासून सहा तासांच्या आत, ‘सून’ म्हणजे सहा ते बारा तासांत, आणि ‘लेटर’ म्हणजे बारा तासांनंतर. ‘व्हिअरिंग’ म्हणजे वारा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो आहे, ‘बॅकिंग’ म्हणजे उलटा. वायुभारमापकाचा पारा ‘स्लोली’ चढतो म्हणजे तीन तासांत जास्तीत जास्त दीड हेक्टोपास्कल, आणि ‘क्विकली’ म्हणजे साडेतीनच्या वर. सैल शब्द एकही नाही. ज्या शब्दांना मी आयुष्यभर ढगळ कपड्यांसारखे वापरत आले होते, ते इथे अंगाबरोबर बेतलेले होते, कारण त्यांच्या भरवशावर कोणीतरी आपली होडी बंदराबाहेर काढणार होते.

मला हे कळायला वेळ लागला नाही, कारण हे सगळे मी घरी पाहिलेले होते. आमच्याकडे पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटतो तो मतलई वारा आणि दुपारी समुद्रावरून येतो तो खारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे बेताची भरती-ओहोटी. बाबांनी ‘आज भांग आहे’ म्हटले की पाणी किती चढेल हे आईला विचारावे लागत नसे. समुद्रावरच्या माणसांची मराठी अशीच मोजकी, नेमकी आणि शब्दाला जागणारी असते. माझ्या शाळेच्या पुस्तकांतल्या मराठीपेक्षा ती वेगळी होती, आणि मुंबईच्या शिकवणीतल्या इंग्रजीपेक्षा आजोबांच्या रेडिओची इंग्रजी नेमकी त्याच अर्थाने वेगळी होती. मी एका वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूला आमच्या घरातले शब्द लिहू लागले. तोवर मी इंग्रजी शब्दासमोर नेहमी शब्दकोशातला अर्थ लिहीत असे. आता त्या जागी बाबांचा शब्द येऊ लागला.

या वहीतला माझा सर्वांत आवडता शब्द ‘फॅदम’ आहे. अंदाजातल्या क्षेत्रांत ‘फोर्टीज’ असे एक नाव आहे. मी विचारले, चाळीस काय? आजोबांनी पांघरुणातून दोन्ही हात बाहेर काढले आणि जमतील तेवढे दोन्हीकडे ताणले. तिथल्या समुद्राचा बराच मोठा पट्टा चाळीस फॅदमांहून खोल आहे म्हणून ते नाव, आणि फॅदम म्हणजे एवढे. म्हणजे एक वाव! आमच्याकडे दोरी ओढताना, पाण्याचा ठाव घेताना असेच हात पसरून वाव मोजतात. नंतर वाचले की फॅदम या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थच पसरलेले हात, कवेत घेणे असा आहे. दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी, एकमेकांची गंधवार्ताही नसताना, समुद्र मोजायला आपलेच हात पसरले होते. त्या रात्री मी वहीत ‘फॅदम’ आणि ‘वाव’ हे दोन शब्द शेजारीशेजारी लिहिले आणि पहिल्यांदा मला वाटले की ही भाषा मला परकी नाही.

या शब्दांचा माझ्या कामात उपयोग होईल असे मात्र मला वाटले नव्हते. ब्रिटिश माणूस, आणि त्यातही त्या पिढीतला, आपले दुखणे सांगत नाही. ‘नॉट टू बॅड’, ‘मस्ट्न्ट ग्रंबल’, फार झाले तर ‘अ बिट पुअरली’. नव्या परिचारिकेसाठी हे फार अवघड असते. ‘पुअरली’ हा शब्द वाईट रीतीने या अर्थी शिकून आलेल्या मला, इथे तो आजारी या अर्थी वापरतात आणि ‘व्हेरी पुअरली’ म्हटले तर धावत सुटायचे असते, हेही नोकरीवरच कळले. एका रात्री आजोबांचा चेहरा मला बरा दिसेना. दुखण्याला शून्य ते दहा असे अंक द्यायला सांगण्याची आमची पद्धत आहे. मी विचारले, तर नेहमीप्रमाणे ‘नॉट टू बॅड, पेट’. मग मला काय सुचले कोण जाणे, मी विचारले, ‘ब्युफोर्टवर किती?’

फ्रान्सिस ब्युफोर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या जोराची जी मोजपट्टी आखली, तीच आजही अंदाजात वापरतात. शून्य म्हणजे निवांत, आठ म्हणजे गेल, दहा म्हणजे स्टॉर्म, बारा म्हणजे हरिकेन. त्या पट्टीची मूळ कल्पना मला फार सुंदर वाटते. ब्युफोर्टने वाऱ्याचा वेग मोजला नाही. त्या वाऱ्यात युद्धनौकेला किती शिडे उभारून ठेवता येतील, ते पाहिले. म्हणजे वारा स्वतः केवढा आहे यापेक्षा जहाज तो किती सोसू शकते, हे माप. दुखण्याचेही असेच असते. आजोबा काही क्षण गप्प राहिले आणि मग अंदाज वाचणाऱ्या बाईंच्याच संथ आवाजात म्हणाले, ‘सेव्हन. ऑकेजनली गेल एट.’ मी ताबडतोब डॉक्टरांना फोन केला. त्या फोनवर माझा आवाज बसला नाही, कोणी मला ‘सॉरी?’ म्हणून विचारले नाही, आणि विचारले असते तरी मला फरक पडला नसता.

ज्या माणसाने हा अंदाज सुरू केला त्याची कथा मी त्यानंतर शोधून वाचली. रॉबर्ट फिट्झरॉय हे त्याचे नाव. चार्ल्स डार्विनला घेऊन १८३१ ते १८३६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘बीगल’ जहाजाचा हा कप्तान. १८५४ साली सरकारने त्याच्या हाती हवामानाच्या नोंदी गोळा करण्याचे एक छोटे खाते दिले, त्याचेच पुढे मेट ऑफिस, म्हणजे ब्रिटनचे हवामान खाते, झाले. १८५९ च्या ऑक्टोबरात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याशी वादळात फुटले आणि साडेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. नोंदी नुसत्या गोळा करून उपयोग काय, असा प्रश्न फिट्झरॉयला पडला. १८६१ साली त्याने तारेने बंदरांना वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली. इशारा आला की बंदरावर खांबाला शंकू आणि पिंप टांगायचे, म्हणजे वाचता न येणाऱ्या खलाशालाही तो लांबून कळे. त्याच वर्षी वर्तमानपत्रात रोजचे हवामान छापून येऊ लागले. त्यासाठी शब्द निवडताना त्याने भविष्य किंवा भाकीत या अर्थाचे रूढ शब्द मुद्दाम टाळले आणि ‘फोरकास्ट’ हा शब्द घेतला. त्याचे म्हणणे असे होते की शास्त्रीय आकडेमोडीतून निघालेले हे एक मत आहे, ते भविष्यकथन नव्हे.

हे वाचताना मला आकाशवाणीवरचा ‘हवामानाचा अंदाज’ आठवला. आपणही ‘भाकीत’ म्हणालो नाही, ‘अंदाज’ म्हणालो. भाकीत सांगणारा चुकला तर लबाड ठरतो. अंदाज बांधणारा चुकू शकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंदाज बांधतो. फिट्झरॉयला मात्र लोकांनी ही मुभा दिली नाही. अंदाज चुकले की टीका होई, आणि खर्च, प्रकृती, निराशा या सगळ्यांनी खचून १८६५ च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. त्याच्या मागे इशारे बंद करण्यात आले आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी ते मागून घेतल्यावर पुन्हा सुरू झाले. २००२ साली ‘फिनिस्टेर’ या सागरी क्षेत्राचे नाव बदलून ‘फिट्झरॉय’ ठेवण्यात आले. आता रोज कोणीतरी ते नाव शांतपणे वाचते, आणि पुढे त्याच्याच वाऱ्याचा अंदाज सांगते. आमच्या बंदरावर पावसाळ्यात ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असे म्हणतात. भारतात बंदरांना वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था १८६४ च्या कलकत्त्याच्या भयंकर वादळानंतर, १८६५ साली सुरू झाली. ज्या वर्षी तो माणूस हरला, त्याच वर्षी त्याची कल्पना आमच्या देशात पोहोचली. लहानपणी बावटा दिसला की आम्हाला भीती वाटे ती बाबांसाठी. त्या बावट्याच्या मुळाशी असलेल्या माणसासाठी मला रडू येईल, असे कधी वाटले नव्हते.

इंग्रजीत मी एखादी गोष्ट शब्दकोश न उघडता, पुढे काय झाले या ओढीने शेवटपर्यंत वाचली, ती हीच पहिली. त्यानंतर मला गोष्टींची चटक लागली. सुट्टीच्या दिवशी गावातल्या ग्रंथालयात जायचे आणि टाइनशी, त्या किनाऱ्याशी संबंध असलेल्या माणसांविषयी मिळेल ते वाचायचे. बँबरो गावी ग्रेस डार्लिंगचे संग्रहालय आहे. दीपगृहाच्या रखवालदाराची ही बावीस वर्षांची मुलगी. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे तिला खिडकीतून खडकावर आदळलेली आगबोट आणि हालणारी माणसे दिसली. ती वडिलांबरोबर होडीत बसली आणि दोघे तिकडे वल्हवत गेले. वडील खडकावर उतरले तेव्हा खवळलेल्या समुद्रात एकटीने दोन्ही वल्ही धरून तिने होडी खडकापासून आवरून धरली. नऊ माणसे वाचली. चित्रांत तिला नेहमी वादळात केस मोकळे सोडलेली वगैरे दाखवतात. मला मात्र त्या प्रसंगात सर्वांत मोठे वाटते ते होडी एकाच जागी धरून ठेवणे. ज्याने कधी वल्हे हातात धरले आहे त्याला ठाऊक असते, की होडी पुढे नेण्यापेक्षा ती उभी ठेवणे कठीण.

आणि मग फ्रेडरिक डग्लस. अमेरिकेतल्या गुलामगिरीत जन्मलेल्या या मुलाला बाल्टिमोरमध्ये मालकिणीने मुळाक्षरे शिकवायला सुरुवात केली, तर मालकाने ते बंद पाडले. मग त्याने रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना भाकरीचा तुकडा द्यायचा आणि बदल्यात अक्षरे शिकायची, असा उद्योग केला. लिहायला तो शिकला ते जहाजे बांधण्याच्या वाड्यात. सुतार लाकडाच्या फळीवर ती जहाजाच्या कोणत्या बाजूला जायची हे एकेका अक्षराने लिहीत: ‘एल’ म्हणजे लार्बोर्ड, डावी बाजू, ‘एस’ म्हणजे स्टारबोर्ड, उजवी, ‘एफ’ म्हणजे फॉरवर्ड, पुढची, ‘ए’ म्हणजे आफ्ट, मागची. ती चार अक्षरे पाहून पाहून त्याने गिरवली आणि मग रस्त्यावरच्या मुलांशी ‘मला तुझ्याइतकेच लिहिता येते’ अशी पैज लावून उरलेली त्यांच्याकडूनच काढून घेतली. हे वाचताना मी उठून उभी राहिले. पुढे गुलामगिरीतून निसटून त्याने आत्मकथा लिहिली, पकडले जाण्याच्या भीतीने १८४५ साली तो ब्रिटनमध्ये आला, आणि १८४६ साली न्यूकॅसलच्या ॲना आणि एलेन रिचर्डसन या क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या नणंद-भावजयींनी दीडशे पौंड जमवून त्याचे स्वातंत्र्य विकत घेतले. त्यांचे घर समरहिल ग्रोव्हमध्ये अजून आहे, भिंतीवर स्मृतिफलक आहे. मी कितीदा तरी नुसती त्या घरासमोर जाऊन उभी राहिले आहे.

जोसेफ कॉनराडचीही वाट याच पाण्यातून गेली होती. हा पोलिश तरुण वीस वर्षांचा असताना, १८७८ च्या जूनमध्ये लोस्टॉफ्ट बंदरात उतरला तेव्हा त्याला इंग्रजीचे जेमतेम काही शब्द येत होते. पुढचे दोन-अडीच महिने तो लोस्टॉफ्ट आणि न्यूकॅसल यांच्यामध्ये कोळसा वाहणाऱ्या एका शिडाच्या जहाजावर खलाशी होता, आणि इंग्रजी शिकला ते त्या जहाजावरच्या पूर्व किनाऱ्याच्या खलाशांकडून. आजच्या अंदाजातली नावे घ्यायची तर थेम्स, हंबर आणि टाइन ही त्याची शाळा. आठ वर्षांनी तो परीक्षा देऊन कप्तान झाला, आणखी नऊ वर्षांनी त्याची पहिली इंग्रजी कादंबरी आली, आणि इंग्रजीतल्या मोठ्या लेखकांत त्याची गणना होऊ लागली. मला धीर देणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याचा पोलिश धाटणीचा उच्चार अखेरपर्यंत सुटला नाही. बोलताना तो परका वाटे, आणि लिहिताना त्या भाषेतल्या जन्मजात लेखकांनी त्याच्याकडून शिकावे असे लिही.

आपल्याकडचे उदाहरण आठवले ते पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली त्या इंग्लंडला आल्या, वाँटेजच्या मठात राहून इंग्रजी शिकल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या महाविद्यालयात शिकता शिकता संस्कृत शिकवू लागल्या. डॉक्टर व्हायचे त्यांच्या मनात होते, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते जमले नाही. कान साथ देत नसताना नवी भाषा शिकणे म्हणजे काय, याचा विचार मी बऱ्याच रात्री केला आहे. ऐकू कमी येणाऱ्या माणसांची शुश्रूषा हेच माझे काम आहे. चारच वर्षांनी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून प्रसिद्ध केले आणि त्याच्या विक्रीतून मुंबईतल्या शारदा सदनासाठी पैसा उभा राहायला मदत झाली.

लंडनला मी पहिल्यांदा गेले तेव्हा इतर सगळे सोडून शूटर्स हिलच्या रानातला एक मनोरा पाहायला गेले. त्रिकोणी, विटांचा, तीन कोपऱ्यांना बुरूज. नाव आहे सेव्हर्नड्रूग कासल. हे सेव्हर्नड्रूग म्हणजे आमचा सुवर्णदुर्ग. हर्णैच्या किनाऱ्यासमोर समुद्रात उभा असलेला हा आंग्र्यांचा किल्ला १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने, पेशव्यांशी हातमिळवणी करून, तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. तो वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली त्याची आठवण म्हणून हा मनोरा बांधला. ज्या किल्ल्याकडे पाहत मी लहानाची मोठी झाले, त्याच्या पराभवाचे स्मारक मी लंडनमध्ये पाहत होते. पोटात कालवाकालव झाली. आमच्या समुद्रावरून इंग्रजीत शब्दही गेले. आमचे गुराब जहाज त्यांच्या कागदांत ‘ग्रॅब’ झाले, गलबत ‘गॅलिव्हॅट’ झाले, तांडेल ‘टिंडल’ झाला. सुवर्णदुर्गातला ‘ण’ इंग्रजी जिभेला पेलला नाही, म्हणून तो ‘न’ झाला आणि तसाच दोन-अडीच शतके दगडविटांत उभा आहे. मुंबईतल्या त्या वर्गात आरशासमोर घालवलेल्या दुपारी मला तिथे आठवल्या. प्रत्येक किनाऱ्यावरची जीभ दुसऱ्या किनाऱ्याचे शब्द आपल्या परीने उच्चारते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, हे मला त्या मनोऱ्याच्या पायऱ्यांवर पुरते पटले.

२०२० साल उजाडले. वृद्धनिवासात कोणालाही भेटायला येता येईना, आम्ही मुखपट्ट्या लावून काम करत होतो, आणि आजोबांना माझे ओठ दिसत नसल्यामुळे मला प्रत्येक शब्द सुटा आणि स्पष्ट उच्चारावा लागे. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत अरबी समुद्रावरचे वादळ कोकणाकडे वळले. निसर्ग हे त्याचे नाव. आमची नौका आंजर्ल्याच्या खाडीत आणून ठेवली होती. हवामान खात्याची इंग्रजी पत्रके मी इथे मोबाइलवर उघडत होते आणि फोनवर दादाला मराठीत सांगत होते. टीव्हीवर ‘महाभयंकर’, ‘थैमान’ असे शब्द चालले होते, त्यातून दादाला काहीच कळत नव्हते. मी त्याला सांगितले की वारा आधी कुठून येईल, केंद्र पुढे सरकल्यावर कसा फिरेल, जोर किती वाजल्यापासून वाढेल, आणि मधल्या शांततेला फसून खाडीवर जाऊ नको. वहीच्या उजव्या बाजूचे सगळे शब्द त्या रात्री उपयोगी पडले. ३ जूनला दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले आणि दापोलीचा फोन बंद झाला.

दोन दिवस आणि दोन रात्री काही कळले नाही. तिसऱ्या रात्री, पाळी चालू असताना, दादाचा आवाज आला. घराचे पत्रे गेले होते, माड आडवे झाले होते, नारळी-सुपारीच्या वाड्या झोपल्या होत्या. माणसे होती. नौका होती. ‘वारा पडला गो बाय,’ तो म्हणाला.

मी बोळाच्या टोकाच्या खोलीत गेले. बारा-अठ्ठेचाळीसचे वाचन नुकतेच संपले होते, राष्ट्रगीत चालू होते. आजोबांनी रेडिओ बंद केला आणि माझ्याकडे पाहिले. तीन रात्री त्यांनी मला काहीही विचारले नव्हते. मी सांगितले, घरचे सुखरूप आहेत, नौका शाबूत आहे. त्यांनी विचारले, तुझ्या गावाचा समुद्र कोणत्या नावाच्या क्षेत्रात येतो? मी म्हटले, आमच्याकडे अशी नावे नाहीत, पण गावी हवामान खात्याची वेधशाळा आहे आणि नोंदीत गावाचेच नाव येते: हर्णै.

‘हारनाय,’ ते म्हणाले.

मी मुखपट्टीच्या आडून पुन्हा म्हटले. त्यांनी पुन्हा म्हटले. ‘न’च आला. मग मी खिडकीपाशी, लांब उभी राहिले, पट्टी क्षणभर खाली केली आणि जीभ उलटी वळवून टाळूला कशी लावायची ते त्यांना दाखवले. ते बराच वेळ तोंड अर्धवट उघडे ठेवून जीभ आतल्या आत फिरवत राहिले, एखादी गाठ अंधारात हातांनी चाचपावी तसे, आणि मग डोळे मिटून, अंदाजात एखाद्या ठाण्याचे नाव वाचतात त्या लयीत, अगदी सावकाश म्हणाले, ‘हर्णै.’